पाणबुडीवर निघालेल्या लेकास

चि. बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री आईने फोन माझ्या हातात दिला तेव्हा मी ‘बरं, छान’ एवढंच म्हणालो. फोनवर मला बोलायला सुधरत नाही, म्हणून लिहायला बसलो. पाणबुडी शाखेसाठी तू आपणहून नाव दिलंस आणि तुझी निवड झाली. मला तुझा अभिमान वाटतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे पत्र कुठे वळेल सांगता येत नाही.

आई म्हणते, या सगळ्याचं मूळ विशाखापट्टणममध्ये आहे. मलाही तसंच वाटतं. आठवतं ना, मे महिन्यात सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेसने गेलो होतो. ताईला अराकूच्या गाडीतले बोगदे बघायचे होते, आईला सिंहाचलमचं दर्शन हवं होतं, आणि तू मात्र गाडीत बसल्यापासून तिथल्या संग्रहालय केलेल्या पाणबुडीच्या नावाने ‘कुरसुरा, कुरसुरा’ करत होतास. सिद्धेश्वर तळ्यापलीकडे पाणी न बघितलेला पोरगा तू. रामकृष्ण बीचवर ती काळीभोर, 91 मीटर लांबीची पाणबुडी वाळूत उभी दिसली आणि तू माझा हात सोडून पळालास.

आत शिरल्यावर पहिल्याच गोल दारात तुझं कपाळ आपटलं. ते दार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आधी एक पाय उचलून पलीकडे टाकायचा, मान खाली घालायची, मग अंग ओढून घ्यायचं. असे सात कप्पे. पुढच्या कप्प्यात टॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून जाऊन जहाज फोडणारी अस्त्रं, आणि त्यांच्या शेजारीच झोपायच्या अरुंद फळ्या. भिंत म्हणून कुठे दिसत नव्हती, नुसते पाइप, चाकं, काटे. तेलाचा वास. निवृत्त नौसैनिक गाइड म्हणून होते. ते तेलुगूत सांगत होते ते मला आपल्या पूर्व भागातल्या शेजाऱ्यांमुळे निम्मंअधिक कळत होतं, ते मी तुला मराठीत सांगत होतो. 22 टॉर्पेडो, पंच्याहत्तरएक माणसं, तीन डिझेल इंजिनं, तीन मोटारी. पाण्याखाली बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी भरायला पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यायची. इंजिनांच्या कप्प्यात तू इतके प्रश्न विचारलेस की मागची रांग खोळंबली. मी घामाघूम होऊन बाहेर आलो. तू आणि ते गृहस्थ बऱ्याच वेळाने आलात. समोर ठेवलेलं नौदलाचं जुनं टीयू-142 विमान ताईने दोनदा बघितलं, तुझं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

त्या गृहस्थांना तू विचारलं होतंस, आतल्या माणसांना घरची बातमी कशी कळते? ते म्हणाले होते, पाणबुडी ऐकते, बोलत नाही. बोलली की शत्रूला ठिकाणा कळतो. तू खूश होऊन ते वाक्य दिवसभर म्हणत होतास. काल रात्रीपासून तेच माझ्या कानात आहे. तू ऐकशील, पण तुझी खुशाली आम्हाला कशी कळणार?

हा प्रश्न मी विचारणार नव्हतो. राहू दे.

मी बरंच वाचून काढलं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे आयएनएस कट्टबोम्मन म्हणून नौदलाचं केंद्र आहे, तिथून पाण्याखालच्या पाणबुड्यांना निरोप जातात. लांब लहरींचा रेडिओ असतो, तोही खाऱ्या पाण्यात थोडेच मीटर खाली पोचतो. आणि तो एकाच दिशेने. निरोप जातो, उत्तर येत नाही. विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे तू जाशील तिथेच, अडकलेल्या पाणबुडीतून बाहेर पडायचा सराव देणारी विनेत्र नावाची नवी सोय 2024 मध्ये सुरू झाली, हेही वाचलं. पाच मीटरचा मनोरा आहे म्हणे. तो सराव मन लावून कर. नौदलाकडे आता सुटका करणारी खास वाहनं आहेत, 650 मीटर खोलीपर्यंत जातात, 2018 मध्ये पहिलं आलं. हे वाचून बरं वाटलं. पूर्वीच्यांना अशी वाहनं नव्हती.

अण्णा 1971 चं सांगायचे ते तुझ्याही कानावर आहे. 9 डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. हँगोर नावाच्या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले. अण्णा मुल्लांचं नाव घेताना उठून बसायचे. त्याच युद्धात आपली कुरसुराही अरबी समुद्रात गस्तीला होती. तिच्यातले लोक परत आले. म्हणजे त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेलच की नाही? आजीने धाकट्या काकाच्या वेळी जे दिवस काढले ते मी जवळून बघितलेत. पोस्टमन आला की ती दारात जायची नाही, मला पाठवायची.

आणि 2013 ची सिंधुरक्षक. 14 ऑगस्टला सकाळी टीव्ही लावला तर मुंबईच्या गोदीतला स्फोट दाखवत होते. धक्क्याला लागलेली पाणबुडी, समुद्रातसुद्धा नव्हती. 18 जण गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं, मी पोरांपुढे उभा राहिलो आणि दोन वाक्यांपुढे बोलता आलं नाही. तू त्या रांगेत होतास. तुला ते आठवत असूनही तू नाव दिलंस, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आनंदही वाटतो. भीती तर आहेच.

आता नीट ऐक. वरिष्ठ सांगतील ते एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा विचार, लाजू नकोस. सांगितलेली झडप सांगितल्याच वेळी बंद कर. झोप पुरी घे. कुणाशी वैर धरू नकोस, तिथे रुसून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. लोणावळ्याला असताना तू त्या मित्राशी महिनाभर बोलला नव्हतास, तसं इथे चालणार नाही. चूक झाली तर लगेच सांग, झाकू नकोस, कारण तुझ्या एका चुकीवर... बघ, झाली सुरू माझी मास्तरकी. माफ कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुला शिकवणाऱ्यांनी तुला पारखूनच घेतलं असणार.

पाणबुडीवर सक्तीने कुणाला पाठवत नाहीत, स्वतः तयार असणाऱ्यांनाच घेतात, हेही वाचलं. म्हणजे उद्या नको वाटलं तर तसं सांगायला कमीपणा नाही. नको वाटायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. शिक्षण पुरं झालं की छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लावतात ना? त्याचा फोटो आला की मी शाळेत नेऊन दाखवणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

विशाखापट्टणमला पोचलास की रविवारी एकदा कुरसुरात जाऊन ये. ते गृहस्थ अजून तिथे असतील तर त्यांना भेट. आणि त्यांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले हे मात्र त्यांना विचार. माझ्यासाठी विचार. खुशाली कळवायची काही ना काही रीत त्यांच्यात असेलच.

आईने शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, डबा न्यायला चालतो का ते कळव. घरच्या संपर्काचा फॉर्म भरशील तेव्हा नवा पत्ता लिही, जुन्या वाड्यात आता पत्र घ्यायला कुणी नाही. फोन नंबर माझा दे आणि ताईचाही दे. आईचा देऊ नकोस. काही कळवायचं झालं तर आधी मला कळू दे.

तुझा,
बाबा