होकार कळवून टाकलाय

खारघर, गुरुवार रात्र

ती. सौ. आई, ती. बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आईचं नेमकं गॅसवर काहीतरी असतं. म्हणून लिहितेय. हैदराबादच्या कंपनीला सोमवारी होकार कळवला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, आणि मग मीच पाय मागे घेतला असता. दादाला माहीत होतं, त्याच्यावर रागावू नका.

पगारासाठी नाही, तो थोडाच जास्त आहे. इथे सात वर्षं मी दुसऱ्यांनी ठरवून दिलेले पेप्टाइड बनवतेय. आई, तुझं रुखवताचं मण्यांचं काम आठव. आमचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, आणि त्यांची ओवलेली साखळी म्हणजे पेप्टाइड. रेझिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, रव्याएवढ्या दाण्याला पहिला मणी बांधायचा, मग एकेक जोडत जायचं, मधेमधे नुसतं धुवायचं. मेरिफिल्ड नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1963 साली ही युक्ती काढली, 1984 ला नोबेल मिळालं. ऐकायला सोपं, पण दर जोडणी 99 टक्के साधली तरी 30 जोडण्यांनंतर शंभरातल्या 74 साखळ्याच पुऱ्या निघतात. 95 टक्के साधली तर फक्त 21. तू चुकलेला मणी उसवायचीस, आम्हाला उसवता येत नाही. म्हणून चिमूटभर दाणे नीनहायड्रिन नावाचं रसायन घालून पाच मिनिटं तापवायचे. निळे झाले म्हणजे टोकं मोकळी राहिली, पुन्हा जोडा. पिवळे राहिले की पुढचा मणी. रात्री साडेनऊला मी फोन उचलत नाही ना, तेव्हा बहुतेक निळ्या दाण्यांकडे बघत बसलेली असते.

तिथे मात्र साखळी कशी असावी हेच ठरवायचंय. बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, इन्शुलिनची गोळी का नाही? कारण पोटाला इन्शुलिन आणि वरणातली डाळ सारखीच, दोन्ही पचवून मोकळं. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं दुसरं पेप्टाइड औषध, त्याची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीही उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास चहासुद्धा नाही. एवढं करून औषधाचा शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही. तो पोचवायचा कसा, हेच माझं काम. "बाबांसाठी जातेय" असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. असलं औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, तेही आलं तर. खरं सांगायचं तर मलाच ते करायचंय.

राहायची सोय चांगली आहे. शामीरपेटजवळ खोली, कंपनीची बस, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. ज्वारी मुबलक, म्हणजे भाकरीची चिंता नको. मराठी माणसंही तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विमानाने दीड तास, मध्यरात्री फोन आला तरी सकाळी नौपाड्यात. गेल्या पावसाळ्यासारखं तुम्हाला एकट्याने निभवावं लागणार नाही.

बाबा, आठवीत मी मोरीत परमँगनेट सांडलं, तुमच्या बनियनवर जांभळा डाग पडला, दुसऱ्या दिवशी तो तपकिरी झाला. आई ओरडली. तुम्ही काही न बोलता ते बनियन वर्षभर सदऱ्याच्या आत घातलंत. लिंबू चोळलं असतं तर निघाला असता, हे मला कॉलेजात कळलं. अजून वाटतं, येऊन चोळून द्यावं.

आता ऐका. इन्शुलिनची नवी पेन्स फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नको. गोठलेलं पेन फेकून द्यायचं, "पैसे गेले" म्हणून वापरायचं नाही. सुई दर वेळी नवी, आणि बाबा, पोटावर रोज त्याच जागी टोचू नका, गाठी येतात. आई, गुडघ्याचं मलम कपाटात ठेवण्यासाठी आणलेलं नाही. जांभळी नाक्याला भाजीला जायचंच असेल तर रिक्षाने, दहा रुपयांसाठी चालत नाही. नाहीच ऐकलंत तर... जाऊ दे, मी काय करणार आहे म्हणा.

रुजू व्हायला अजून सहा आठवडे आहेत. रविवारी येतेय, काही करत बसू नकोस. येताना मामलेदारची मिसळ आणते. बाबांना अर्धी प्लेट, पाव एकच.

तुमची,
चिमी