कोंबड्यांची लस आणि बाबांचा खोकला

पाषाण, पुणे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे बरे आहेत. फोनवर बाबा "बरं आहे, काय नाय" म्हणतात आणि फोन आईकडे सरकवतात, म्हणून लिहायला बसले. परवा तो सरकवताना मागून खोकल्याची उबळ ऐकू आली. आई म्हणाली, "शेडमधली धूळ गं." आई, रात्री साडेनऊला बाबा शेडमध्ये नसतात, बातम्यांपुढे असतात.

ओमी आठवडाभर शिंकतोय. अर्धा वर्ग आजारी आहे. परवा त्याने विचारलं, "आई, मला कोरोना झालाय का?" मी सवयीने "नाही रे" म्हटलं. मग वाटलं, असेलही. ज्याने आपल्याला घरात कोंडून घातलं तोच असेल असं नाही, पण त्याच्या भावकीतला एखादा असू शकतो. हे घराणं मोठं आहे. त्यातले चौघे वर्षानुवर्षं आपल्याला नुसतं सर्दी-पडसं देत आलेत. नावं म्हणजे गट नंबरच: २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१. त्यातला ओसी४३ गुराढोरांमधून माणसात आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. एकदा होऊन गेला म्हणून सुटका नाही, त्यांच्याविरुद्धची ताकद अंगात फार दिवस टिकत नाही.

पण त्याच भावकीत तिघे दरोडेखोर निघाले. २००२ मध्ये चीनमध्ये सार्स उपटला. मूळ वटवाघळांतलं, आणि बाजारातल्या उदमांजरांमधून माणसांपर्यंत आलं असं मानतात. आठ हजारांवर लोकांना झाला, ७७४ गेले. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स सापडला, तो उंटांकडून येतो आणि सापडलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा दगावतो. तिसऱ्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार!

आता बाबा, हे खास तुमच्यासाठी. या घराण्यातला सगळ्यात आधी ओळखला गेलेला विषाणू माणसांचा नव्हताच, कोंबड्यांचा होता. अमेरिकेत १९३०च्या दशकात पिल्लं धापा टाकून मरायला लागली, तेव्हा तो हाती लागला. तुम्ही त्याला आयबी (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस) म्हणता. अंडी घटतात, कवच सुरकुततं, पांढरं पाण्यासारखं होतं, तोच. (तो माणसाला होत नाही, घाबरून शेड विकायला काढू नका.) म्हणजे पुण्यात ९ मार्च २०२०ला पहिले रुग्ण सापडले आणि सगळ्यांनी 'कोरोना' हा शब्द शिकला, त्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही कोरोनाची लस देत होतात! पक्ष्यांचं पाणी दोन तास तोडायचं, मग क्लोरीन मारायला पाण्यात दुधाची पावडर कालवून त्यातून लस द्यायची. लहानपणी ती पावडर मी चोरून खायचे, ते तुम्हाला माहीत नाही असं मला अजून वाटतं.

स्कॉटलंडच्या जून अल्मेडा नावाच्या बाईंनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांना कोंबड्यांचा हा विषाणू दिसला होता, पण त्यांचा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी ते फोटो फ्लूच्या विषाणूचे खराब फोटो म्हणून परत पाठवले. पुढे १९६०च्या दशकात माणसाच्या सर्दीच्या नमुन्यातही त्यांना तसाच गोळा दिसला, भोवती तेजोवलय असावं तसे काटे. त्या वलयावरून १९६८मध्ये कोरोना हे नाव पडलं. आमच्या पाषाणातच एनआयव्हीची, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेची, प्रयोगशाळा आहे. देशातला पहिला रुग्ण केरळमध्ये सापडला, पण ३० जानेवारी २०२०ला नमुन्यावर शिक्कामोर्तब झालं ते पुण्याच्या याच संस्थेत. बसमधून तो फलक दिसला की मला आधी तुमच्या शेडमधलं पाण्याचं पिंप आठवतं.

एप्रिल २०२१चं मी आजवर बोलले नाही, आज बोलते. बाबांना सहा दिवस ताप होता आणि तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही. "तिला उगाच घोर कशाला." सातव्या दिवशी ऑक्सिजन ८६वर आला, तेव्हा कळवलं. रात्रभर मी बेडसाठी फोन फिरवत होते. एका दवाखान्यात 'आहे' म्हणाले, पोचल्यावर 'नाही' म्हणाले. बाबा मागच्या सीटवर होते आणि मी त्यांच्याकडे वळून बघायचं टाळत होते. तो राग आता त्या दवाखान्यावर नाही राहिला. तुमच्यावर आहे, थोडासा.

म्हणून एवढंच करा. बाबा, शेडमध्ये शिरताना जुना कपडा न बांधता चांगला मास्क लावा. हात साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने नको. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं. आई, तुपाची वाटी नुसत्या पाण्याने निघते का? फ्लू हे वेगळं घराणं आहे, त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. तुमची साखर आणि वय बघता या महिन्यात डॉक्टरांना विचारा. दोन हजार पक्ष्यांना वेळेवर लस देणारा माणूस स्वतःच्या दंडाला सुई म्हटलं की शेतावर पळतो, याला काय म्हणावं?

ओमीचा खोकला थांबेपर्यंत आम्ही येत नाही. त्याला वाईट वाटतंय, मलाही. पुढच्या रविवारचं बघू.

सोमवारी रात्री फोन करेन. फोन बाबांनीच उचलायचा आणि निदान पाच मिनिटं बोलायचं, पावसाबद्दल बोललात तरी चालेल. मी खोकला मोजणार आहे.

तुमची,
ताई