सामारियातल्या त्या खेचरवाल्या काकांना थँक्यू

ग्रीसमधे क्रीट बेटावर सामारिया घळीचा ट्रेक केला, १६ किमी, बाराशे मीटरवरून उतरत थेट समुद्रापर्यंत, मधे गाडीरस्ता नाहीच. १९६२ मधे नॅशनल पार्क झालं तेव्हा रिकामं केलेलं सामारिया गाव साधारण अर्ध्यावर लागतं, त्याच्या जरा पुढे गोट्यांवर आईचा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, पाय टेकवता येईना. तिथले एक गार्ड आले, इंग्लिश जेमतेम, पण आधी बूट हळूच काढला, झऱ्याच्या गार पाण्यात रुमाल भिजवून घोट्यावर ठेवला, बँडेज बांधलं आणि वॉकीटॉकीवरून खेचर मागवलं. आई म्हणे मी नाही बसणार बाई, पडले म्हणजे! तर त्यांनी कुठूनतरी जाड घोंगडी आणून खोगिरावर घातली आणि लगाम धरून शेवटपर्यंत चालत आले, 'लोखंडी दरवाजे' म्हणतात त्या चिंचोळ्या जागी तर दुसऱ्या हाताने आईचा गुडघा धरून. खाली समुद्राकाठच्या आया रूमेली गावात बोटवाल्यांना आधीच कळवून ठेवलेलं. पैसे दिले तर घेईनात, उलट हात जोडले (आईचं बघून शिकले असणार).

नाव काही कळलं नाही, पण काका, एफ्खारिस्तो (ग्रीकमधे थँक्यू)! आईचा पाय आता बरा आहे, ट्रिपचं विचारलं की ती फक्त खेचराचंच सांगते.