कैरी, मीठ आणि ऊन : रत्नागिरीतील मुलीस पत्र

नागपूर,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रत्नागिरीच्या घरामागे आंब्याचे जुने झाड आहे, कढीपत्ता आहे, तू लावलेल्या मिरच्या आणि गवार भरभरून आली आहे, आणि यातले काही वाया जाऊ नये म्हणून आपल्या घरच्या सांडग्या मिरच्यांचे, वाळवलेल्या गवारीचे आणि कैरीच्या लोणच्याचे अचूक प्रमाण मी लिहून पाठवावे, असे तू कळवले आहेस. प्रमाण लिहितोच, परंतु ते जसेच्या तसे तिथे वापरू नकोस, कारण आपल्या परसातील प्रत्येक कृतीत एक जिन्नस असा आहे की जो आईच्या वहीत कुठेही नोंदलेला नाही. तो म्हणजे नागपूरचे ऊन.

सध्या येथे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे आणि पारा ४५ अंशांच्या आसपास आहे. मात्र वाळवणाला उष्णतेपेक्षा हवेचा कोरडेपणा अधिक उपयोगी पडतो. मे महिन्यातील दुपारी आपल्याकडे हवेतील आर्द्रता साधारण २५ टक्के किंवा त्याहूनही कमी असते, तर तुझ्याकडे समुद्राच्या वाऱ्यामुळे ती ७० च्या घरात राहते. गच्चीवर पसरलेल्या मिरचीतून निघालेले पाणी येथील हवा लगेच शोषून घेते. तिथली हवा आधीच ओली असल्यामुळे तेच पाणी मिरचीतच रेंगाळते आणि बुरशीला तेवढा अवधी पुरतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस लांबून जूनच्या मध्यावर येतो, तुझ्याकडे त्याच्या आधीच येतो, हा आणखी एक फरक ध्यानात असू दे.

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे थोडे तत्त्व सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पदार्थ टिकवणे म्हणजे त्यातील मोकळे पाणी सूक्ष्मजीवांच्या हाती लागू न देणे, किंवा ते पाणी इतके आंबट करणे की त्यात त्यांना वाढता येऊ नये. पहिली गोष्ट आपण तीन प्रकारे करतो. ऊन पाणी काढून टाकते. मीठ आणि साखर पाणी काढून न टाकता ते स्वतःशी बांधून ठेवतात. म्हणूनच साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत गेलेला मुरंबा दिसायला ओला असूनही टिकतो आणि नुसती अर्धवट सुकलेली गवार दिसायला कोरडी असूनही नासते. तेल मात्र स्वतः काहीही टिकवत नाही. ते वरून हवा अडवते आणि त्यामुळे बुरशी धरत नाही, इतकेच त्याचे काम. हे नीट समजले तर कोणते प्रमाण बदलता येते आणि कोणते येत नाही, हे तुझे तुलाच उमगेल.

आता सांडगी मिरची. जाड सालीची, बेताच्या तिखटाची मिरची घ्यावी. भिवापुरी मिरची चवीला उत्तम असली तरी ती तिखटासाठी, या कामासाठी नव्हे. एक किलो मिरचीला देठ न काढता उभी चीर द्यावी, धने-जिऱ्याची भरड १०० ग्रॅम, मेथीची पूड २५ ग्रॅम, हिंग, हळद आणि मीठ १०० ते १२५ ग्रॅम एकत्र करून ते आंबट दह्यात कालवावे, भरावे, रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी पसरावे. संध्याकाळी मिरच्या पुन्हा उरलेल्या दह्यात बुडवून ठेवाव्यात व दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालाव्यात. येथे त्या इतक्या झपाट्याने वाळतात की दह्याला प्रमाणाबाहेर आंबायला सवडच मिळत नाही. तिथे ती सवड मिळेल. तेव्हा दही निम्मे कर, बुडवण्याचा क्रम एकदाच ठेव, आणि ऊन अडखळले तर ओव्हन ६० अंशांवर लावून, दार किंचित उघडे ठेवून मिरच्या पूर्ण वाळव. आईला ओव्हनची कल्पना पसंत नाही. तिचे म्हणणे चवीपुरते खरे आहे. पण बुरशी आलेल्या मिरचीला चव उरत नाही, असे माझे मत.

गवारीच्या शेंगा निवडून, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून काढाव्यात. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात, आणि मग गवार रंगाने गवतासारखी पिवळी पडली व तिला उग्र वास येऊ लागला की उन्हाला दोष देतात. शेंगेतील विकरे (एन्झाइम) उष्णतेने थांबवली नाहीत, तर वाळतानाही ती आपले काम करीत राहतात. वांगी मात्र चकत्या करून मिठाच्या पाण्यातून काढली की पुरे. एक गोष्ट आपल्या उन्हाविरुद्धही सांगितली पाहिजे : जाड चकती एकदम भर दुपारच्या उन्हात टाकली, तर तिचे वरचे कातडे आवळून घट्ट होते आणि आतले पाणी आतच कोंडले जाते. म्हणून आम्ही पहिले काही तास सावलीत, वाऱ्यावर ठेवतो. कढीपत्ता आणि मेथी तर संपूर्णपणे सावलीतच वाळवावी. वाळवण झाले असे वाटल्यावर ते लगेच डब्यात भरून विसरून जाऊ नकोस. आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवून पाहा. काचेवर आतून दमटपणा दिसला की माल पुन्हा बाहेर काढायचा. तुझ्या हवेत ही परीक्षा अत्यावश्यक आहे.

कैरीच्या लोणच्याचे प्रमाण तुला जवळजवळ तसेच वापरता येईल, कारण ते उन्हावर कमी आणि मिठावर अधिक अवलंबून आहे. आतली कोय टणक झालेली, आंबट, गावरान कैरी घ्यावी. तुमच्याकडे तिला रायवळ म्हणतात. एक किलो फोडींना मीठ १७५ ग्रॅम, मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ७५ ते १०० ग्रॅम, मेथी २० ग्रॅम, हळद आणि हिंग. तेल शेंगदाण्याचे, पाव किलोपेक्षा थोडे अधिक, कडकडीत तापवून पूर्णपणे थंड केलेले. फोडींना मीठ-हळद चोळून त्या रात्रभर ठेवाव्यात. सुटलेला खार फेकू नये, तो मुरताना लागतो. मीठ खड्याचेच वापर, कारण बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या द्रव्यांनी खार गढूळ होतो. आरोग्याच्या नावाखाली मीठ निम्मे करण्याची जी टूम निघाली आहे, ती लोणच्याच्या बाबतीत मला मान्य नाही. कमी मीठ खायचे असेल तर लोणचे कमी वाढून घ्यावे. बरणीतले मीठ कमी करू नये. फोडी तेलाखाली बुडालेल्या राहतील, एवढे पाहा.

तू संत्र्यांविषयीही विचारले आहेस. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जगभर त्याचे नाव आहे. पण परसातील सगळ्या फळांत टिकवायला सर्वांत हट्टी फळ हेच. ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी, किंवा उकळल्यावर, कडवट होतो. कारण रसात उतरलेला एक चवहीन घटक आम्लामुळे हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो. बिया आणि पांढऱ्या शिरा काढल्याने कडवटपणा कमी होतो, संपत नाही. म्हणून आम्ही रस बाटलीत भरण्याचा नाद सोडून दिला आहे. सालीचा मुरंबा मात्र करतो : साल उकळून ते पाणी टाकायचे, आणि बिया फडक्यात बांधून पाकात सोडायच्या, म्हणजे त्यांच्यातील पेक्टिनने पाक जमतो. कडवटपणा तेथे चवीचाच भाग होतो.

त्याउलट लाल अंबाडीची बोंडे किती सोपी! आम्ल आणि पेक्टिन दोन्ही तिच्यातच असल्यामुळे बोंडांवरची मांसल लाल दले शिजवून, गाळून, साखर घातली की जेली आपोआप धरते. भांडे स्टीलचेच घे. लोखंडी कढईत तो लालभडक रंग काळवंडतो. तुला बियाणे पाठवीत आहे, पावसाच्या तोंडावर पेर, हिवाळ्याच्या सुरुवातीला बोंडे मिळतील. कोहळ्याला तर काहीच करावे लागत नाही. पूर्ण पिकलेला, अंगावर पांढरी पूड धरलेला कोहळा न कापता कोरड्या जागी ठेवला की महिनोन्‌महिने राहतो. लोक घाईघाईने त्याच्या वड्या का घालतात, हे मला कळत नाही.

एका बाबतीत मात्र प्रयोग नको. उकडलेल्या शेंगा, मटार, किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून हवाबंद बाटलीत घालून फडताळात ठेवायचा नाही. आम्लता कमी, म्हणजे सामू (pH) ४.६ च्या वर, आणि हवा नाही, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवाणू वाढतो. त्याची बीजे उकळत्या पाण्याच्या १०० अंशांत मरत नाहीत आणि त्याच्या विषाला वास किंवा चव असतेच असे नाही. अशा भाज्यांची जागा फ्रीजरमध्ये. टोमॅटो या सीमेच्या अगदी जवळ असतो, तेव्हा रस भरताना अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालावाच.

शेवटी तुझ्या आंब्याविषयी. तिथल्या माणसांनी ओल्या हवेचा विचार पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. ते आमसूल करतात तेव्हा कोकमाची साले मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, म्हणजे ऊन कमी पडेल तेथे मीठ आणि आम्ल हात देतात. कैऱ्या तर वाळवण्याच्या भानगडीत न पडता अख्ख्या खारात घालतात. आपल्या सांडग्या मिरच्यांसाठी आटापिटा करण्यापेक्षा शेजारच्या काकूंना विचारून आधी खारातली कैरी कर, आणि त्यांच्या घरी एक लिटर पाण्याला मीठ किती घेतात, पाणी उकळून गार करतात की कच्चे वापरतात, वर दाब कशाचा ठेवतात, हे विचारून मला सविस्तर लिही. आपल्या झाडाच्या थोड्या कैऱ्या अजून शिल्लक आहेत, आणि ही रीत मला येथे करून पाहायची आहे.

तुझे,
बाबा