750 ठेवा म्हणजे नक्की कुणाकडे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अर्थ पुरवणीत तुमच्या लेखकांनी क्रेडिट स्कोअर (आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून मिळणारा आकडा) 750 च्या वर ठेवा आणि बिनधास्त क्रेडिट कार्डासाठी अर्ज करा असं लिहिलंय. वा. पण 750 कुणाकडे? सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हा स्कोअर देणाऱ्या चार कंपन्या आहेत, चौघींचे आकडे 300 ते 900 मधलेच, पण काढायची रीत जिची तिची, आणि आपला अर्ज गेल्यावर बँक त्यातल्या कुणाचा रिपोर्ट मागवणार हे आधी कुणी सांगत नाही. सगळ्या लेखात यावर एक ओळ नाही.

माझंच सांगतो. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर माझा स्कोअर 781, काटा हिरव्यात. कॉलेज रोडच्या एका खासगी बँकेत कार्डाचा अर्ज दिला, तिथल्या मॅडम पण ‘होऊन जाईल सर’ म्हणाल्या आणि मग मेसेज आला की अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. शाखेत गेलो तर म्हणे सिबिल कमी आहे. मोबाईल दाखवला तर तो स्कोअर निघाला दुसऱ्याच कंपनीचा, ‘हा आमच्याकडे बघत नाहीत सर’. अहो मग फॉर्मवर लिहा ना तसं! घरी येऊन सिबिलचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा चौघींकडून फुकट मिळतो, हे मात्र लेखात होतं) तर त्यात माझं केव्हाच फेडलेलं बाईकचं लोन अजून चालू आणि वर थकबाकी! एनओसी कपाटात आहे, पेठ रोडला आरटीओत जाऊन आरसीवरचा एचपी (कर्जाचा बोजा) पण काढून आणलाय. म्हणजे त्या फायनान्सवाल्यांनी लोन संपल्याचं एकीला कळवलं आणि दुसरीला नाही. नियमाने चौघींना माहिती द्यायची असते, आणि 1 जानेवारी 2025 पासून तर निदान दर पंधरा दिवसांनी.

आता तक्रार केली आहे. 30 दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बघू. पण गंमत अशी की स्कोअर देणारी कंपनी स्वतःहून काही खोडत नाही, फायनान्सवाल्यांनी हो म्हणायला लागतं, आणि त्यांचं इथलं ऑफिस बंद झालंय, मुंबईला मेल करा म्हणे.

बँक नुसता स्कोअर बघत नाही, पगार बघते, चालू हप्ते बघते, ते मान्य आहे. मग जे बघितलं ते सांगा. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यायचं हे रिझर्व्ह बँकेच्या कार्डाच्या नियमांत आहे, त्यात ‘अंतर्गत धोरण’ हे कारण कसं बसतं? वर शाखेतल्या साहेबांचा सल्ला काय तर तोवर शेजारच्या बँकेत अर्ज टाकून बघा. आपला स्कोअर आपण कितीदाही बघितला तर फरक पडत नाही पण बँकेत टाकलेल्या प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि लागोपाठ अशा नोंदी दिसल्या की पुढचा बँकवाला बिचकतो. फुकटचा सल्ला द्यायला यांचं काय जातं.

आणि ज्या बँकेने नाही म्हटलं तिच्याचकडून नंतर फोन, सर तुमच्यासाठी प्री-अप्रूव्हड कार्ड आहे! मी म्हटलं ताई, आधी तुमच्याच कॉलेज रोडच्या शाखेला विचारा. फोन कट.

लेखकांना विनंती, पुढच्या वेळी नाशिकमधल्या चार-सहा बँकांना विचारून कोण कुठल्या कंपनीचा रिपोर्ट बघतं एवढा तक्ता छापा, 750 चं आम्हाला पाठ झालंय. आणि जाता जाता, त्याच लेखाखाली ‘पाच मिनिटांत कार्ड’ची अर्धं पान जाहिरात होती, तिच्यातल्या फुलीच्या (*) बारीक अटी भिंग लावून पण वाचता आल्या नाहीत. जाहिरातीचे पैसे घेता तर निदान तेवढी अक्षरं तरी मोठी करायला लावा त्यांना.

आपला,
एक जुना वाचक, सिडको, नाशिक