स्वस्त मल्टिमीटर जरूर घ्या, पण भिंतीतल्या विजेपासून लांब ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांचे आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांचे दिवस आले की नाशिकमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डीटी-८३० जातीच्या छोट्या डिजिटल मल्टिमीटरना, म्हणजे व्होल्ट, करंट वगैरे मोजणाऱ्या मीटरना, मागणी येते. किंमत दीड-दोनशे रुपये. त्याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. कुणी म्हणतं, हा कचरा मुलांच्या हातात देऊच नका. कुणी म्हणतं, मीटर म्हणजे मीटर, दोनशेचा काय नि पाच हजारांचा काय, व्होल्ट तेच दाखवणार. अंबडच्या कारखान्यात मी विद्युत देखभालीचं काम केलं आहे. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि दुसरं तर जिवावर बेतणारं वाटतं.

आधी मीटरची बाजू मांडतो. या मीटरमध्ये बहुधा ७१०६ ही १९७० च्या दशकात आलेली चिप किंवा तिची नक्कल असते. डीसी, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, व्होल्टेज तो साधारण अर्ध्या टक्क्याच्या फरकाने दाखवतो. सेल उतरलाय का, अडॅप्टरमधून खरंच ५ व्होल्ट येतायत का, डायोड उलटा तर लागला नाही, वायर आतून तुटली आहे का, हे सगळं त्यावर कळतं. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) किंवा एलईडीच्या सर्किटवर काम करणाऱ्या मुलाला याहून जास्त लागत नाही. मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी मात्र वेळेवर बदलायला हवी. ती उतरली की आकडे प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू लागतात, आणि मूल विनाकारण आपल्या सर्किटला दोष देत बसतं.

माझा आक्षेप मीटरवर छापलेल्या मजकुराला आहे. अनेक स्वस्त मीटरांवर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या शब्दांना नेमका अर्थ आहे. असा मीटर इमारतीच्या वितरण पॅनेलवर वापरता आला पाहिजे आणि ६००० व्होल्टचा क्षणिक झटका त्याने माणसाला इजा न होऊ देता सोसला पाहिजे. मोठी मोटर बंद होताना किंवा जवळपास वीज पडली की लाइनवर असे झटके येतात. हा मीटर उघडून पाहा. साधा काचेचा फ्यूज दिसेल, तोही फक्त कमी करंटच्या रेंजसाठी. वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज आतली ठिणगी विझवतो. काचेच्या फ्यूजमधली तार वितळली तरी ठिणगी चालू राहू शकते आणि फ्यूज फुटतो. जास्त करंट मोजताना मीटरची लाल वायर जिथे लावतात, त्या १० अँपिअरच्या सॉकेटला तर बहुतेकदा फ्यूजच नसतो, आणि तसं मीटरवरच बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोठा धोका याच सॉकेटचा आहे. मुलगा करंट मोजतो, लाल वायर तिथेच राहते, आणि मग सहज म्हणून तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट बघायला जातो. त्या क्षणी मीटर हा मीटर राहत नाही, फेज आणि न्यूट्रलला जोडणारी तार होतो. नॉब व्होल्टवर असला तरी काही फरक पडत नाही.

बॅटरी म्हटली की धोका नाही, असंही समजू नये. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, पण शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते आणि प्रोबच्या, म्हणजे मोजायच्या टोकांच्या, बारीक वायरी हातातच पेटतात. छतावरच्या सोलरचंही तसंच. एकट्या पॅनेलचे ४०-५० व्होल्ट या मीटरने मोजायला हरकत नाही, पण आजच्या मोठ्या पॅनेलचा शॉर्टसर्किट करंट १३-१४ अँपिअर किंवा त्याहूनही जास्त असतो. तो मीटरच्या मर्यादेबाहेर आहे. ओळीने जोडलेल्या पॅनेलचे शेकडो डीसी व्होल्ट तर याच्या वाटेला जाऊच देऊ नयेत. डीसीची ठिणगी घरातल्या एसी विजेच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या मोटरीच्या स्टार्टरवर, थ्री फेजच्या ४०० हून जास्त व्होल्टवर हाच मीटर लावला जातो. तिथे तो कुणीही वापरू नये, छंद म्हणूनही नाही आणि पोटासाठीही नाही.

ज्यांना घरातली वीज मोजायचीच आहे त्यांनी नामांकित कंपनीचा, खरोखर चाचणी झालेला मीटर घ्यावा. असे मीटर आपल्याच सातपूरमध्ये तयार होतात. तिथल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सच्या काही मॉडेलांत तर नॉबच्या जागेप्रमाणे चुकीचं सॉकेट आपोआप झाकलं जातं. वायर चुकीच्या जागी जाणारच नाही, अशी सोय तिथे यंत्रातच केलेली आहे.

शाळा-कॉलेजांना विनंती आहे की ओहमच्या नियमाआधी मुलांना वायर कुठे लावायची ते शिकवा, आणि प्रयोग बॅटरीवर नाहीतर फ्यूज असलेल्या कमी व्होल्टेजच्या सप्लायवर घ्या. दुकानदारांना विनंती आहे की स्वस्त मीटर विकताना ‘भिंतीतल्या विजेसाठी नाही’ अशी मराठीत चिठ्ठी चिकटवा. गिऱ्हाईक शाळकरी असेल तर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये रबरी बूच बसवूनच मीटर हातात द्या. असं बूच अगदी स्वस्तात मिळतं.

आपला,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक