किती पेपर राहिले?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आता किती पेपर राहिले?" मी म्हटलं, "पेपर तर दोन वर्षांपूर्वीच संपले." त्यावर तुम्ही दोघंही गप्प झालात. फोन ठेवता ठेवता आई एवढंच म्हणाली, "मग इतके दिवस करतेस तरी काय गं?" तिचं विचारणं रास्त आहे. मी घाईघाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली, ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज नीट बसून लिहितेय.

मानवी हालचालींचं शास्त्र हा माझ्या पीएचडीचा विषय. माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, तोल गेला तर सावरतो कसा, हे शिकायचं. पहिली दोन वर्षं वर्गातच गेली: बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीराच्या हालचालींमागचं यंत्रशास्त्र, मज्जासंस्था, व्यायामाच्या वेळी शरीरात काय घडतं ते, आणि संख्याशास्त्र. सगळ्यात घाम काढला तो संख्याशास्त्राने, आणि आज रोज उपयोगी पडतंय तेही तेच. किती विषय, किती क्रेडिट हे विद्यापीठागणिक बदलतं. पण विषय पास झाले म्हणून पीएचडी कुठेच मिळत नाही. तिथून पुढेच तर खरं काम.

मग पात्रता परीक्षा. आधी लेखी, नंतर समितीसमोर तोंडी. तोंडीत पहिलाच प्रश्न आला: समोरचा पेला धरायला हात किती प्रकारे जाऊ शकतो? बाबा, आत्ता टेबलावर तळहात टेकवा, आणि तळहात व खांदा न हलवता कोपर बाहेर-आत करून पाहा. हलतं ना? खांद्यापासून मनगटापर्यंत हात सात प्रकारे वळू शकतो. तळहात हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात न्यायला सहाच पुरतात. म्हणजे पेला एकच, पण तिथे पोचायच्या वाटा अगणित. मेंदू त्यातली एक कशी निवडतो? निकोलाय बर्नस्टाईन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्कोत हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या अंगाला छोटे दिवे लावून त्यांचे फोटो घेतले. कामगार मुरलेले, घाव नेमका बसायचा. पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जायचे. त्याचं म्हणणं असं, की सरावात माणूस तीच हालचाल गिरवत नाही, त्या हालचालीचं गणित पुन्हा पुन्हा सोडवतो. मी फळ्यावर हात काढून हे सगळं समजावलं. खडू धरलेला हात थरथरत होता, पण बोलणं अडलं नाही.

त्यानंतर स्वतःचा प्रश्न ठरवायचा, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. तुम्हाला वाटलं असेल, मी रेंगाळतेय. त्या वर्षात मी शेकडो शोधनिबंध वाचले. प्रश्न सापडला की वाटायचं, मिळाला. आणि आठवड्याभरात कुणीतरी तो आधीच सोडवलेला निघायचा. शेवटी जो उरला तो असा: उतारवयात चालता चालता बोलायचं म्हटलं की पावलांचं नेमकं काय होतं? १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी ५८ वृद्धांना चालताना बोलतं केलं. त्यातले १२ जण बोलायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२पैकी १० जण पडले. एवढी साधी चाचणी, पण थांबण्याच्या आधीच्या दोन-तीन पावलांत काय बिघडतं, त्याच्या मागे मी आहे.

प्रश्न समितीने मान्य केला, तरी लगेच माणसं बोलावता येत नाहीत. आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. मी वयस्कर माणसांना चालायला लावणार, तर कुणी पडलं तर काय? छताला बांधलेला सुरक्षा पट्टा कुठे आहे? मध्ये बसायला खुर्ची आहे का? संमतीपत्र त्यांना समजेल अशा भाषेत आहे का? माझा अर्ज दोनदा परत आला. तेव्हा रडू आलं होतं. आता वाटतं, बरं झालं. आई, तुला कुणी असं प्रयोगशाळेत बोलावलं असतं, तर मीही हेच प्रश्न विचारले असते.

आता माझा दिवस कसा जातो ते सांगते. एक आजी येतात. त्यांच्या खुब्याचं हाड, गुडघ्याची बाजू, घोट्याचा उंचवटा मी बोटांनी चाचपून शोधते आणि तिथे चमकणारे छोटे गोळे चिकटवते. जागा थोडी जरी चुकली तरी गुडघ्याचा कोन चुकीचा येतो. म्हणून दर वेळी दोनदा चाचपते. पोटरीची त्वचा स्पिरिटने पुसून स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे सेन्सर लावते. या तयारीत तास जातो. मग आजी चालतात, आठ-दहा सेकंद. कॅमेरे सेकंदाला २०० वेळा त्यांना टिपतात, आणि जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट पावलाचा दाब मोजते. तो दाब पडद्यावर दोन उंचवट्यांसारखा दिसतो: एक पाऊल टेकताना, एक ते उचलताना. मधल्या खळगीवरून मला कळतं की आजी मोकळेपणी चालल्या की जपून.

गेल्या हिवाळ्यात एक चूक झाली. सकाळी फोर्स प्लेट शून्यावर आणायची राहून गेली, आणि ते चार दिवसांनी लक्षात आलं. सहा जणांची मोजमापं टाकून द्यावी लागली. त्यांना पुन्हा फोन करून काय झालं ते खरं सांगितलं. चौघं परत आले.

म्हणून, बाबा, हिशोब असा: अजून १४ जणांची मोजमापं, मग विश्लेषण, मग प्रबंध. एक शोधनिबंध छापून आलाय, दुसरा परीक्षकांकडे आहे. शेवटी व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, तिथे माझं प्रत्येक वाक्य मला सिद्ध करून दाखवावं लागेल. दीड वर्ष तरी धरा.

आणि एक गोष्ट फोनवर बोलायचा धीर झाला नाही. मागच्या भेटीत आपण तिघं फिरायला गेलो, तेव्हा बाबा, तुम्ही बोलताना दर वेळी थांबत होतात. मी मोजलं, सात वेळा. आई म्हणाली, "चला ना, काय सारखं थांबता." आई, त्यांना हाक मारू नकोस, थांबू दे. पण बाबा, डॉक्टरांना दाखवून रोज खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव सुरू करा. वृद्धांच्या व्यायामावरच्या कितीतरी अभ्यासांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असा सराव करणाऱ्यांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आईलाही सोबत घ्या. किती वेळा जमलं ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या रविवारी मी आकडे विचारणार आहे.

तुमची लेक